मोठ्याचं कालवण आणि घड्याळ

समीक्षा म्हटली की आपण कवितासंग्रह उघडतो. मी या खेपेला एका मडक्याचं झाकण उघडतोय. ज्याला हसायचंय त्यानं आत्ताच हसून घ्यावं. कारण पुढं मी माझीच एक कविता मागं घेणार आहे, आणि तेव्हा कुणी हसलेलं मला चालणार नाही.

मडकं विजेचं आहे. त्याला स्लो कूकर म्हणतात. माझा एक दोस्त आखाती मुलखात चार वर्षं राबून परत आला. त्यानं ते सामानात आणलं, त्याच्या घरी कुणी वापरेना म्हणून माझ्याकडं टाकलं. बाहेर पत्रा, आत चिनीमातीचं जाड भांडं, वर काचेचं झाकण आणि एक कळ. कळीला तीन जागा: बंद, मंद, जलद. सोबत पाककृतींची इंग्रजी चोपडी. मी दहावीत शाळा सुटलेला माणूस, इंग्रजी डिक्शनरी मांडीवर घेऊन शिकलो. त्यामुळं छापील काही हातात पडलं की वाचायचंच, ही खोड. ती चोपडी मी सूतगिरणीत जेवणाच्या सुट्टीत चार दिवसांत वाचून काढली. पहिलाच पदार्थ 'हार्टी बीफ स्ट्यू'. हार्टी म्हणजे काय ते डिक्शनरीत बघितलं. मनापासूनचं, भरपूर, पोटभरीचं.

मी तिथंच थांबलो. मोठ्याच्या मांसाला छापील पानावर असलं विशेषण लागलेलं मी पहिल्यांदा बघत होतो. आपल्याकडं त्याला कसली विशेषणं लागतात ते तुम्हाला ठाऊक आहे, ती लिहून मी शाई घालवत नाही.

चोपडी सांगते काय? खांद्याचं, नळीचं असं स्वस्त आणि चिवट मांस घ्या. बटाटा, गाजर, कांदा घाला. झाकण लावा. कामावर जा. आठ तासांनी या, जेवा. कुठं माफी नाही, कुठं सफाई नाही, 'आम्ही हे का खातो' याचा खुलासा नाही. खाणाऱ्यानं स्वतःला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलेलं नाही. मला त्या चोपडीचा हेवा वाटला. आणि हेवा वाटला की मी त्या गोष्टीच्या मुळाशी जातो.

मुळाशी गेलो तर वेगळंच निघालं. हे मडकं काढलं अमेरिकेतल्या आयर्विंग नॅक्सन नावाच्या एका ज्यू इंजिनिअरनं. १९४० साली त्याला त्याचं पेटंट मिळालं. कल्पना कुठून आली? आईच्या आठवणीतून. तिचं मूळ लिथुआनियातल्या विल्ना गावचं. ज्यूंच्या धर्मात शनिवार हा शब्बाथ, त्या दिवशी विस्तव पेटवायचा नाही, रांधायचं नाही. मग शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत मांस, घेवड्याचे दाणे, बटाटे, जव एका भांड्यात घालून बाया ते गावच्या पावभट्टीत नेऊन ठेवायच्या. भट्टी निवत जायची तसतसं ते रात्रभर शिजायचं. त्या कालवणाला चोलंट म्हणतात. पोरानं आईची आठवण ऐकली आणि विजेची तार गुंडाळून तिचं यंत्र केलं. पुढं १९७० साली एका मोठ्या कंपनीनं त्याचा धंदा विकत घेतला, १९७१ साली क्रॉक-पॉट या नावानं ते बाजारात आणलं. बाया नोकरीला बाहेर पडत होत्या, त्यांना ते विकलं. १९७५ साली मेबल हॉफमन या बाईंचं 'क्रॉकरी कुकरी' हे पुस्तक आलं आणि त्याच्या लाखो प्रती खपल्या.

म्हणजे बघा. ज्यांना युरोपात गावाबाहेर, भिंतीआड कोंडलं, त्यांच्या म्हाताऱ्यांचं कालवण अमेरिकेच्या ओट्यावर जाऊन बसलं. कारण कुणीतरी ते लिहून ठेवलं, त्याचं यंत्र केलं, त्याला नाव दिलं. आता आपलं फडताळ बघू.

मराठी स्वयंपाकाचं सर्वांत खपलेलं पुस्तक म्हणजे कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा', १९७० चं. ते पुस्तक मी वाचलंय आणि त्याची एक गोष्ट मला मनापासून आवडते. त्यात माप वाटी-चमच्याचं आहे, नव्या सुनेला समजेल असं. पण त्यात आपलं घर शोधत बसू नका. मराठी जेवण म्हणून जे काही छापलं गेलं, त्यात आपली पिढ्यान्‌पिढ्यांची भाजणी, वाळवण, येसूर, नळीचा रस्सा, काही म्हणता काही आलं नाही. आलं ते आपल्या आत्मकथनांत. दया पवारांचं 'बलुतं' १९७८ चं, बेबीताई कांबळ्यांचं 'जिणं आमुचं' १९८६ चं. तिथं मांस आहे, पण ते मेलेल्या ढोराचं, वाट्यावरून भांडण लागलेलं, उपासाच्या काठावरचं. ते तसंच होतं म्हणून तसंच लिहिलं. त्यात खोट काढणारा मी कोण?

इथं एक गोष्ट नीट वेगळी केली पाहिजे, नाहीतर आपली पोरं गोंधळतात. १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडायला सांगितलं. मी त्याचा अर्थ असा लावतो: गावाचं मेलेलं ढोर तुम्ही ओढायचं आणि त्याचा मोबदला म्हणून तेच खायचं, ती वेठ मोडा. १९४८ साली 'द अनटचेबल्स' या ग्रंथात त्यांनी गोमांस आणि अस्पृश्यता यांचा संबंध इतिहासातून मांडला. एके काळी ब्राह्मणही गोमांस खात होते हेही तिथंच मांडलं. पुढं आपल्यातल्या काही घरांनी मोठ्याचं सगळंच सोडलं. काही घरांनी मेलेलं सोडलं, विकतचं ठेवलं. दोन्ही घरं आपली. एकानं दुसऱ्याला शिकवायला जाऊ नये. माझ्या घरी विकतचं येतं, म्हणून मी त्याविषयी लिहितो.

मग २०१५ साल आलं. महाराष्ट्रात गाईच्या कत्तलीला १९७६ च्या कायद्यानं आधीच बंदी होती, २०१५ च्या मार्चपासून बैल आणि वळूही त्यात आले. म्हशी-रेड्याला ती सरसकट बंदी नाही. माझ्या मडक्यात शिजतं ते म्हशीचं. हे मी भिऊन सांगत नाही, कृती लिहायची तर घटक खरे लिहावेत एवढंच. त्याच्या आधी १९१२ नव्हे, २०१२ च्या एप्रिलमध्ये हैदराबादला उस्मानिया विद्यापीठात पोरांनी बीफ फेस्टिव्हल केला, त्यावरून मारामाऱ्या झाल्या. (शंभर वर्षांची चूक मुद्दाम ठेवली, कारण बातमी वाचताना मला तसंच वाटलं होतं.) या सगळ्यातून आपल्या कवितेत बीफ आलं. जोरात आलं. घोषणा होऊन आलं, झेंडा होऊन आलं. मी अशा पाच-पन्नास कविता ऐकल्यात, दोन-चार मीही लिहिल्यात. त्यांचा राग खरा आहे. पण त्या कवितांतलं मांस कुणी धुतलं, कुणी कापलं, कुणी तीन तास चुलीपुढं बसून शिजवलं, ते कुठंच नाही. झेंडा शिजवावा लागत नाही. कालवण शिजवावं लागतं.

आता शिजण्याविषयी सांगतो, कारण माझ्या म्हणण्याचा खुंटा तिथं आहे.

मांस चिवट का असतं? जनावराचा जो भाग राबतो तो चिवट. नळी, मान, खांदा, शेपूट. पाठीचा भाग कमी राबतो म्हणून मऊ, आणि म्हणून महाग. राबणाऱ्या भागात स्नायूंना बांधून ठेवणारा कोलॅजन नावाचा पदार्थ भरपूर असतो. साधारण सत्तर अंशांच्या वर तो हळूहळू विरघळून त्याचं जिलेटिन होतं. नळीचा रस्सा ओठाला चिकटतो तो त्यामुळं. पण याला तास लागतात. घाई करून खळाखळा उकळलं की धागे आवळतात, आतलं पाणी सोडतात, मांस चामट होतं. म्हणजे चिवट मांस पैशात स्वस्त आणि वेळेत महाग. ज्याच्याकडं पैसा आहे तो मऊ भाग घेतो आणि वीस मिनिटांत जेवतो. ज्याच्याकडं नाही, त्याच्या घरातलं कुणीतरी तास मोजतं.

कुणीतरी म्हणजे कोण? माझ्या घरात आई.

आई विड्या वळते. रविवारी मोठ्याचं आणलं की तिचं असं चालायचं: गॅसवर तीन तास परवडत नाही, म्हणून मागच्या दारी चूल. मांडीवर विडीचं सूप. दहा-वीस विड्या वळल्या की उठायचं, लाकूड सारायचं, पाणी बघायचं, परत बसायचं. धूर डोळ्यांत. मी या दृश्यावर कविता लिहिली. ती याच पानांत छापून आली, तुमच्यापैकी काहींनी शिबिरात म्हणूनही दाखवली. चूल, जाळ, त्या उजेडात आईचा चेहरा, आणि ती जणू क्रांतीच रांधतेय, अशी ती कविता. टाळ्या पडल्या.

मग हे मडकं आलं. एका पहिल्या पाळीच्या दिवशी पहाटे पाचला उठून मी स्वतः मांस धुतलं, कांदा-आलं-लसूण परतलं, तुकडे तव्यावर चांगले भाजून घेतले, सगळं मडक्यात घातलं, वर दोन तांबे पाणी ओतलं, कळ मंदवर ठेवली आणि सातच्या पाळीला गेलो. साडेतीनला परत आलो तर दार लोटलेलं. आत आई झोपली होती. शेजारी सूप, त्यात वळून झालेल्या विड्या, हात तसाच सुपाच्या काठावर. दिवसाउजेडी झोपलेली आई मी आजारपणाखेरीज कधी पाहिली नव्हती. मी उभाच राहिलो. तिला जाग आली, ओशाळली, म्हणाली, "मेलं ते मडकं काही बोलंचना. वाजत न्हाई, उतू जात न्हाई. म्हनून डोळा लागला बाबा."

झाकण काढलं तर मांस बोटानं तुटत होतं, पण रस्सा नुसता पाणी. चूक माझी. चुलीवर वाफ उडून जाते, या मडक्यात ती झाकणाला लागून परत आत पडते, म्हणून पाणी निम्म्याहून कमी लागतं. चोपडीत तसं लिहिलंय, मीच ते पान नीट वाचलं नव्हतं. आई हसली. तिनं येसूर काढला. ज्यांच्याकडं येसूर करत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो: बाजरी, ज्वारी, हरभऱ्याची डाळ असं धान्य-डाळ आणि मसाले खरपूस भाजून केलेली पूड. रस्सा दाट करते, तेल-खोबरं कमी लागतं. ती पाण्यात कालवून तिनं मडक्यात सोडली, कळ जलदवर केली, अर्धा तास थांबली. तिकडं ते लोक स्ट्यूला मैदा लावतात. येसूर लावून बघा म्हणावं.

जेवलो. आणि रात्री ती कविता परत वाचली. दोस्तहो, ती खोटी कविता आहे. शब्द वाईट नाहीत, जाळही बरा पेटलाय. पण त्या कवितेला आईचा धूर हवाय. आई चुलीपासून उठली तर ती कविता विझते. जी कविता माझ्या आईच्या थकव्यावर पेटते, ती मी मागं घेतो. शिबिरात परत म्हणू नका.

हे मला आधी कळायला हवं होतं, कारण बेबीताईंनी ते लिहून ठेवलंय. 'जिणं आमुचं'मधली सासुरवाशीण अपरात्री उठून दळते, भाकऱ्या थापते, आणि बेबीताई तिच्याभोवती उजेडाचं वलय काढत नाहीत. बाहेरचा जुलूम आणि घरातला जुलूम त्या एकाच पुस्तकात, एकाच दमात सांगतात. आम्ही पोरांनी त्यातला बाहेरचा जुलूम तेवढा घेतला, घरातला सोयीनं गाळला.

शाहू पाटोळ्यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' २०१५ साली आलं, २०२४ साली त्याचं इंग्रजी भाषांतर झालं. ज्यानं वाचलं नसेल त्यानं उसनं घेऊन वाचावं. जेवणाआधी म्हणतात त्या श्लोकातल्या शब्दाला त्यांनी एक 'अ' लावला आणि सगळी पंगत हलली. मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या घरात काय शिजायचं, कसं शिजायचं, कुठल्या भागाला काय म्हणायचे, हे त्यांनी न लाजता, न रडता लिहिलं. आपलं रांधणं हे ज्ञान आहे, असं मला त्या पुस्तकानं शिकवलं. त्याच्याही आधी २००९ साली पुणे विद्यापीठाच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले स्त्री अभ्यास केंद्रानं 'इझन्ट धिस प्लेट इंडियन?' ही पुस्तिका काढली, आपल्या घरांतल्या खाण्याच्या आठवणींची. शर्मिला रेगे त्यात होत्या. हे दोन दस्तऐवज आपले. आता आपल्यासारख्यांनी त्यांच्या पुढं एक पाऊल टाकायचं तर कृतीला घड्याळ लावायचं. कोण, किती वाजता, किती वेळ.

आता मी त्या मडक्याची आरती करतोय असं कुणाला वाटेल, म्हणून उलट बाजूही सांगतो. ते आपल्या वस्त्यांसाठी केलेलं यंत्र नव्हे. त्याला आठ तास अखंड वीज लागते. माझ्या मडक्यावर २०० वॅट लिहिलंय, म्हणजे आठ तासांचं दीडेक युनिट, ते परवडतं. पण मधेच दोन-तीन तास वीज गेली तर मांस कोमट राहून नासतं, खाऊ नये, सरळ टाकावं. राजमा घालायचा तर भिजवून, पाणी बदलून, आधी दहा मिनिटं खळखळून उकळावा. नुसत्या मंद आचेवर त्यातलं विष मरत नाही. घाई असेल तर आपला शिट्टीचा कुकर बरा, दाबाखाली पाणी शंभर अंशांच्या वर तापतं आणि तीन तासांचं काम पाऊण तासात होतं. पण शिट्टीला कान लावून कुणीतरी घरात थांबावं लागतं.

आणि सर्वांत मोठी गोष्ट. यंत्रानं आच सांभाळली, पण ते भरलं कुणी? चोपडीतल्या चित्रात सकाळी भाजी चिरणारी बाईच आहे, संध्याकाळी वाढणारीही तीच. मधल्या आठ तासांत ती ऑफिसात राबून आली एवढाच फरक. बाईचे दोन तास वाचवून ते मालकाला विकणं म्हणजे मुक्ती नव्हे. त्या दिवशी माझी आई झोपली ती मडक्यामुळं अर्धी, आणि पहाटे पाचला कांदा मी चिरला म्हणून अर्धी. मडक्याशिवायही दुसरं अर्धं करता आलं असतं. चोवीस वर्षांत मी ते केलं नव्हतं.

बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना १९४६ साली कारखान्यातला कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ वर आला. गिरणीच्या गेटवर मी हे अभिमानानं सांगतो. आठ तासांची पाळी संपली की माझा भोंगा वाजतो. चुलीला भोंगा नाही. आपल्या शिबिरांत आपण दोन दिवस जातिअंतावर बोलतो, आणि मागं मंडपात पातेल्याशी कोण असतं? ज्या बाया भाषण ऐकायला आल्या असत्या त्याच. मागच्या शिबिरात एक ताई परातीत कणीक मळताना मला म्हणाल्या, "दादा, तुमचं बोलणं ऐकू आलं नाही, भांडी वाजत होती." मी तेव्हा हसून पुढं गेलो होतो.

म्हणून माझी सूचना अशी. पुढच्या अंकापासून दर वेळी एका घराची एक कृती छापावी, आणि तिच्यात घटकांइतकेच तास लिहावेत. सुरुवात माझ्यापासून.

म्हशीच्या नळीचं कालवण, पाच माणसांचं. मांस एक किलो, हाडासकट. कांदे चार, लसणाचा एक गड्डा, आलं दोन बोटं, तिखट, हळद, मीठ, तेल दोन पळ्या, पाणी दोन वाट्या, शेवटी येसूर तीन चमचे.

बाजारातून आणणं: मी, एक तास. धुणं, तुकडे करणं: मी, अर्धा तास. कांदा-लसूण, परतणं: मी, पाऊण तास. मडक्यात मंद आचेवर: आठ तास, कुणाचेच नाहीत, मधे झाकण काढायचं नाही. येसूर भाजणं-दळणं: आई, महिन्यातून एकदा, तीन तास, पुढच्या महिन्यापासून मी शेजारी बसून शिकणार. भाकऱ्या: आई, पाऊण तास, मला अजून जमत नाहीत, फाटतात. भांडी: मी.

हिशेबात आईचं नाव अजून दोनदा आहे. तेवढी बाकी माझ्याकडं आहे, असं समजा.

जय भीम.